त्याच्या अंगावरचा नवा शर्ट

शिलाई मशीन संदेशच्या पायावर पडलं ते सरळगावच्या पुढच्या गतिरोधकावर.

टोकावड्याकडून मुरबाडला निघालेली एसटी गच्च भरली होती. राही कडेच्या सीटवर बसली होती, आणि मशीनचं नुसतं डोकं, गोणपाटात बांधलेलं, तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, गोणपाट निसटलं, आणि दांडा धरून उभ्या असलेल्या एका उंच मुलाच्या अंगठ्यावर धप्पकन जाऊन बसलं.

"आई गं!"

"लागलं का हो?" राही अर्धी उठली.

"नाय, नाय…" तो एका पायावर उभा राहून डोळे मिचकावत होता. "काय आहे ह्यात? वरवंटा?"

"मशीन आहे. शिलाईचं."

"मग आधी मशीनला लागलं का बघा. माझं काय, नख परत येईल."

राही हसली. आणि हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, कारण दिवाळीपासून ती अशी हसलीच नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर तिची कंपनी बंद झाली होती. मुरबाडच्या एमआयडीसीत शर्ट शिवायची कंपनी. राही तिथे चार वर्षं कॉलर लाईनला होती. बाह्या दुसऱ्या बायका लावायच्या, काजं-बटणं तिसऱ्याच. हिच्यापुढे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉलर, कॉलर आणि कॉलर. गेटला कुलूप लागल्यावर वत्सलाआत्या म्हणाली, "चार वर्षं शिवलंस ना गो? मग मला एक पोलकं शिवून दे." तेव्हा राहीच्या लक्षात आलं, की आपल्याला पोलकं येत नाही. पुरता शर्टसुद्धा येत नाही. आपल्याला येते ती फक्त कॉलर.

त्या रात्री ती जेवली नाही. पुढचे काही दिवस नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग एका दुपारी तिला दोरीवर वाळत घातलेला बाबांचा शर्ट दिसला. शर्ट धडधाकट होता, कॉलर मात्र मानेजवळ पार विरलेली. तिने कॉलर उसवली, उलटी केली आणि आत्याच्या जुन्या मशीनवर परत बसवली. तो शर्ट घालून बाबा — देवराम — ढाब्यावर चहाला गेले आणि येताना काखोटीला चार जणांचे शर्ट मारून आले.

"सगळी म्हणतात, पोरीला सांग, आमच्या पण माना नव्या कर."

त्या माना नव्या करता करताच मशीन अडकलं होतं.

मुरबाडला उतरल्यावर राही दुरुस्तीवाल्याच्या दुकानाशी गेली, तर दुकान बंद. मागून लंगडत तो मुलगाही आला.

"मी बघू का?" त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आत पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर.

"तुमी मेकॅनिक?"

"एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. मशीन बंद पडलं की मला बोलवायचे. कंपनीच बंद पडली, तेव्हा कुणी बोलावलं नाय." हे तो इतक्या सहज बोलला, की राहीला आपल्या भिंतीकडे तोंड करून पडण्याची जरा लाजच वाटली. "आता गावोगाव फिरतो. मिक्सर, पंखे, पंप… काय मिळेल ते. संदेश गोजर. आणि तुमी?"

"राही. मला फक्त कॉलर येते."

तो थांबला. तिच्याकडे बघत राहिला — जरा जास्तच वेळ — आणि म्हणाला, "फक्त कशाला? मान ताठ ठेवायचं काम आहे ते."

दुकानाच्या पायरीवर बसून त्याने मशीन खोललं, पुसलं, अडकलेला दोऱ्याचा गुंता काढला. हात काळे, कपाळावर ग्रीसचा डाग. राही त्या डागाकडे बघत होती आणि आपण बघतोय हे कळू नये म्हणून रस्त्याकडे बघत होती.

*

बुधवारच्या बाजाराला राहीने टोकावड्याच्या रस्त्याकडेला मशीन मांडलं. मागे पुठ्ठा टांगला: 'कॉलर बदलून मिळेल.' पहिल्यांदा लोक हसले. मग गाड्यांचे ड्रायव्हर थांबले, मग शाळेचे मास्तर, मग मास्तरांच्या बायकोने कपाटातले सगळे शर्ट आणले. काम इतकं वाढलं, की राहीने सोनालीला हाताशी घेतलं. सोनाली तिच्याच कॉलर लाईनवरची. नोकरी गेल्यावर भिवंडीला गोडाऊनमध्ये जायचं तिच्या घरी ठरत होतं, लहान मुलीला सासूकडे ठेवून. ते आता लांबलं.

आणि संदेश यायचा. जुनी मोटरसायकल घेतली होती त्याने. मशीनला तेल द्यायला यायचा.

"एवढं तेल तर भज्यांना पण लागत नाय," राहीची आई म्हणाली, आणि राही कानापर्यंत लाल झाली.

सगळं छान चाललं होतं… योगिनी हे नाव येईपर्यंत.

"शहापूरला एक मॅडम आहेत," संदेश एकदा चहा पिता पिता म्हणाला. "योगिनी नाव. लेडीज टेलर. पाच मशीनं आहेत त्यांच्याकडं."

"मग पाचपट तेल लागत असेल."

"हो ना," तो भाबडेपणाने म्हणाला. "जावं लागतं सारखं."

त्यानंतर प्रत्येक वेळी योगिनी आली. योगिनीने कल्याणला जाऊन डिझाईनचा कोर्स केलाय. योगिनीच्या दुकानाला काचेचा दरवाजा आहे. योगिनीने अख्खा लग्नाचा घागरा दोन दिवसांत शिवला. राही मान खाली घालून ऐकायची आणि सुई इतक्या जोरात खुपसायची, की सोनाली बाजूला सरकून बसायची.

"त्याला सांगून टाक ना," सोनाली म्हणायची.

"काय सांगू?"

"की तुला आग लागलीय."

"मला काय आग लागायचीय! तिच्याकडं पाच मशीनं आहेत, माझ्याकडं आत्याचं एक. तो कुठं जाईल हे काय मला कळत नाय?"

 सोनालीने तिच्या हातातली सुई काढून घेतली.

डिसेंबर संपत आला होता. शेतं कापून मोकळी झाली होती, सकाळी धुक्यात समोरचा डोंगर दिसेनासा व्हायचा. अशाच एका सकाळी संदेश आला तो आकाशी रंगाचा कोरा शर्ट घालून. अंगावर असा बसला होता तो शर्ट, की राहीचा हात मशीनच्या चाकावरच थांबला.

"कसा आहे?" त्याने खांदे ताठ केले.

"कुठून घेतला?"

"योगिनीने शिवून दिला. माप न घेता! नुसत्या नजरेने."

नुसत्या नजरेने. म्हणजे ती किती वेळ बघत असेल? राही उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याची कॉलर चिमटीत धरली. इतक्या जवळ ती कधीच उभी राहिली नव्हती. त्याच्या गळ्याची शीर उडताना दिसली तिला. पण तिला आत्ता दुसरंच काही बघायचं होतं. आणि ते सापडलं.

"डावं टोक उजव्याहून मोठं आहे," ती म्हणाली. आवाजात इतका आनंद होता, की लपवायला तिला खोकावं लागलं.

"अगं, तेच सांगायला आलो!" संदेश उत्साहाने म्हणाला. "तिला कॉलर नीट जमत नाय. आणि डोळखांबकडच्या एका आश्रमशाळेची ऑर्डर आलीय तिला. पोरांचे शर्ट. सव्वीस जानेवारीला घालायचेत. मी तिला तुझं नाव सांगितलं. सगळ्या कॉलरी तू करायच्या. मोठं काम आहे, राही."

राहीने कॉलर सोडली.

"मी नाय करणार."

"का?"

"कुणाच्या हाताखाली जायचं नाय मला. झालं एकदा."

"हाताखाली कुठं…"

"नाय म्हटलं ना! तुला जायचं तर जा. काचेच्या दरवाजातून."

संदेश गोंधळून उभा राहिला. मग त्याने हेल्मेट उचललं, आणि निघून गेला. तेल न देता.

तो दिसेनासा झाल्यावर सोनाली तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ थरथरत होते. "तुझा राग त्या बाईवर आहे ना? मग माझी चूल का विझवतेस? बाजाराच्या चार शर्टांवर माझं किती दिवस भागणार? संक्रांत झाली की भिवंडीला जायचं म्हणतोय नवरा."

राही उसवलेल्या कॉलरीचे दोरे वेचत राहिली. 

*

म्हसा गावच्या जत्रेत राहीने मशीन मांडलं ते घोंगड्यांच्या रांगेच्या टोकाला. पलीकडे बैलांचा बाजार भरला होता. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, धुरळा, गोडीशेवेचा वास. शर्टांपेक्षा तिथे तिच्याकडे बैलांच्या झुलीच फाटक्या आल्या. राहीने त्याही शिवल्या. तिला गर्दी हवीच होती. गर्दीत माणूस आठवत नाही, असं तिला वाटलं होतं.

आणि गर्दीतूनच तो आला. आकाशी शर्ट. शेजारी पिवळ्या कुडत्यातली, मोकळ्या केसांची एक मुलगी. मुलीच्या हातात नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्या. ती हसत होती आणि हसताना तिने संदेशच्या दंडाला हात लावला… अगदी सहज.

राहीच्या बोटात सुई घुसली.

"हीच का राही?" मुलीने विचारलं. मग संदेशला म्हणाली, "तू जरा उसाचा रस आण. आणि घाई करू नकोस."

संदेश एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत गेला. योगिनी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. जवळून बघितलं तर तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती.

"रक्त येतंय तुझ्या बोटाला."

"येऊ दे."

"माझ्यामुळे?"

 राही बोट तोंडात घालून बसली.

"हे बघ, मला फिरवून बोलता येत नाही," योगिनी म्हणाली. "मला संदेश आवडतो. उगाच कुणी कुणाला शर्ट शिवून देत नाही. दुकान टाकलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मशीन बंद पडलं. घरचे सगळे म्हणाले, बघ, सांगितलं होतं. हा एकटा म्हणाला, होईल चालू. पण शर्ट घातल्यावर तो पहिला कुठे गेला, माहितीये? टोकावड्याला. तुला दाखवायला. हे मला त्याच्याच तोंडून कळलं. त्या दिवशी असं वाटलं, की जावं आणि तुझ्या सगळ्या कॉलरी उसवून टाकाव्यात."

राहीने वर बघितलं. जगात दुसऱ्या कुणाला असं वाटू शकतं, तेही पाच मशीनवालीला — हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"तू… विचारलंस त्याला?"

"अजून नाही. ऑर्डर झाली की विचारणार. पण आधी ऑर्डर. पोरांना सव्वीस जानेवारीला नवे शर्ट घालायचेत आणि माझी कॉलर वाकडी येते. मला तुझा राग येतो. तुला माझा येतो. राग ठेवून काम करता येईल का आपल्याला?"

बैलांची घुंगरं वाजत होती. राहीला सोनालीचे थरथरते ओठ आठवले.

"हाताखाली नाय करणार," ती शेवटी म्हणाली. "बरोबरीनं करीन. माझ्या मशीनवर, माझ्या गावात. सोनाली माझ्यासोबत असेल. आणि…" तिने बोटाला चिंधी गुंडाळली. "आणि विचारायचं मला पण आहे. तुला आधीच सांगून ठेवते."

 योगिनी उठली. "कापड परवा पाठवते. कॉलरीत घालायचं बकरम पण."

संदेश रसाचे ग्लास घेऊन आला तेव्हा दोघी दोन दिशांना बघत होत्या.

"काय झालं?" त्याने घाबरत विचारलं.

"काम ठरलं," दोघी एकदमच म्हणाल्या.

*

शहापूरला योगिनी कापायची आणि अंग शिवायची. टोकावड्याला राही आणि सोनाली कॉलरी करायच्या. मध्ये किन्हवलीच्या रस्त्याने संदेशची मोटरसायकल गठ्ठे घेऊन ये-जा करायची.

"एवढा उशीर?" राही विचारायची.

"पंक्चर झालं किन्हवलीत."

"आणि केसांना तेल कुणी लावलं? पंक्चरवाल्याने?"

"संक्रांत आहे गो! आईने लावलं!"

सोनाली तोंडावर कापड धरून हसायची. पण राहीला हसू यायचं नाही. कारण तिला एक गोष्ट माहीत होती, जी संदेशला माहीत नव्हती. ऑर्डर झाली, की योगिनी विचारणार. म्हणजे जी कॉलर पूर्ण होईल ती त्या दिवसाला जवळ आणणार. स्वतःच्या हाताने राही तो दिवस शिवत होती.

एकदा तर तिने पाय थांबवला. हळू केलं तर? दोन दिवस उशीर झाला तर कुणाला कळणार आहे… तिने हातातल्या कॉलरीकडे बघितलं. एवढीशी होती ती, पहिलीतल्या पोराच्या मानेची. राहीने टोक नीट बाहेर काढलं, दोन्ही टोकं जुळवून बघितली आणि पुन्हा पाय मारायला लागली. पूर्वीपेक्षा जोरात.

शेवटचा गठ्ठा वेळेआधी तयार झाला. संदेश घ्यायला आला, तर राही वेणी घालून, पायात चपला घालून उभी.

"मी पण येते."

"शहापूरला? का?"

"कॉलरी लावताना बघायला नको?"

ती गठ्ठा मांडीवर घेऊन मागे बसली. सरळगाव गेलं, रस्ता वळला, दोन्हीकडे साग आणि मोकळी खाचरं. राहीला त्याचा चेहरा दिसत नव्हता. नुसती पाठ दिसत होती, आकाशी शर्टातली. चेहरा दिसत नव्हता म्हणूनच कदाचित…

"संदेश."

"हं?"

"मला तो शर्ट आवडत नाय."

"का? डावं टोक?"

"तिने शिवलाय म्हणून."

मोटरसायकल जरा डगमगली.

"तिचं नाव घेतलंस की मला जेवण जात नाय. तू तिकडून येतोस तेव्हा मी तुझ्या शर्टाला कुठला वास येतो ते बघते. मला माहितीय, हे वाईट आहे. पण मला तू… मला तू पायजेस, संदेश. इतरांना देऊन उरलासुरला नाय. अख्खा."

संदेशने गाडी कडेला घेतली. बंद केली. आता एकदम शांत झालं, कुठे तरी लांब एक होला घुमत होता. तो मागे वळला नाही.

"मी बोललो असतो कधीच," तो हँडलकडे बघत म्हणाला. "पण काय बोलू? नोकरी होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. आता कुणी विचारलं पोरगा काय करतो, तर काय सांगायचं? पिशवी घेऊन फिरतो? तुझे बाबा काय म्हणतील?"

"बाबांना मी कालच सांगितलंय."

तो गर्रकन वळला. "काय सांगितलंस?"

"की लग्न करीन तर संदेशशी."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याला माहितीय का?" राही गठ्ठ्याआडून बोलत होती. "मी म्हटलं, अजून नाय. तर म्हणाले, मग आधी त्याला तरी सांग गो."

संदेश हसायला लागला. इतका हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने हात मागे केला, आणि राहीने, रस्त्यावर कुणी नाही हे एकदा बघून, तो धरला. ग्रीसने काळवंडलेला, खरखरीत, उबदार हात.

"माझं उत्तर तर घे," तो म्हणाला.

"दिलंस की."

योगिनीच्या दुकानाचा दरवाजा खरंच काचेचा होता. ती काउंटरमागून दोघांना येताना बघत होती. आधी संदेशकडे बघितलं, मग राहीकडे, आणि मग बराच वेळ हातातल्या कात्रीकडे. काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गठ्ठा सोडून तिने एक कॉलर उजेडात धरली. दोन्ही टोकं बोटांनी चाचपली.

"छान आल्यात," ती म्हणाली. आवाज जरा ओला होता. "शाळेतल्या बाई म्हणत होत्या, पुढच्या वर्षीचं कामही आपल्यालाच देऊ. मुलींचे ड्रेस पण असतील. करशील?"

"ड्रेस मला येत नाय."

"मी शिकवीन." योगिनीने नाक ओढलं. "पण तुझा राग येतो मला अजून. सांगून ठेवते."

"येऊ दे," राही म्हणाली, आणि तिच्या शेजारच्या मशीनवर जाऊन बसली. "मला पण येतो."

दोघी कॉलरी लावायला लागल्या. एकीने अंग पुढे सरकवायचं, दुसरीने कॉलर धरायची.  पांढऱ्या शर्टांचा ढीग वाढत गेला, आणि उन्हं काचेतून आत येऊन त्याच्यावर पडली.

संदेश तीन चहा घेऊन आला. दारातच घुटमळला, कुणाला आधी द्यावा ते त्याला कळेना. मग त्याने पहिला ग्लास योगिनीसमोर ठेवला. तिने मान वर न करता तो घेतला, आणि दोघांची बोटं निमिषभर लागली.

राहीने ते बघितलं.  तिने आपला ग्लास उचलला, एक घोट घेतला, संदेशकडे असं बघितलं की तो बिचारा दोन पावलं मागे सरकला… आणि मग तिचं तिलाच इतकं हसू आलं, की चहा नाकात गेला.